कर्णबधिर व दृष्टिहीन शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती कशी पोहोचवावी

शेतीसुधारणेची माहिती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे हे विस्तारकार्याचे मुख्य अंग होय. सुधारित बियाणे तालुक्याच्या गोदामात आले, परंतु ते केव्हा व कोणास मिळणार हे शेतकऱ्यास कळलेच नाही, तर त्याच्या दृष्टीने ते न आल्यासारखेच आहे. ही माहिती प्रायः दोन वाटांनी जाते. एक वाट कानाची व दुसरी डोळ्यांची. ज्यांची यांपैकी एक वाट बंद आहे, असे शेतकरी प्रत्येक गावात असतात. परंतु सभेच्या हजेरीपटावर किंवा प्रात्यक्षिकाच्या यादीत त्यांची नावे क्वचितच आढळतात.

२०११ च्या शिरगणतीत देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ८६ लक्ष खेड्यांत राहणाऱ्या होत्या. दृष्टिदोष असलेल्यांची आणि श्रवणदोष असलेल्यांची संख्या प्रत्येकी ५० लक्षांहून थोडी अधिक भरली. या आकड्यांत न आलेले लोकही पुष्कळ असतात. मोतीबिंदू वाढत चाललेला वृद्ध शेतकरी स्वतःस अंध म्हणवून घेत नाही; ‘वयोमानाने दिसत नाही’ एवढेच तो म्हणतो. वर्षानुवर्षे मळणीयंत्रावर काम करून ज्याचे कान मंदावले आहेत, असा गडी चारचौघांत मान डोलावून वेळ निभावून नेतो. शेती मात्र हे दोघेही करीतच असतात. कित्येक घरांत तर जमिनीचा खातेदार असाच एखादा वृद्ध असतो.

दवंडी आणि फळा

गावात वर्दी देण्याची जुनी रीत दवंडीची. आज तिची जागा बहुतेक ठिकाणी ध्वनिक्षेपकाने घेतली आहे. दुसरी रीत चावडीवरील फळ्याची. दवंडी दृष्टिहीन माणसास उत्तम उपयोगी पडते आणि कर्णबधिरास मुळीच पडत नाही. फळ्याची गोष्ट नेमकी उलट आहे. यावरून ग्रामकार्यकर्त्याने एक नियम स्वतःस घालून घ्यावा : कोणतीही वर्दी एकाच वाटेने देऊ नये. जे ध्वनिक्षेपकावरून सांगितले, ते त्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. जे फळ्यावर लिहिले, ते कोणाकडून तरी मोठ्याने वाचवून घ्यावे. यास खर्च खडूच्या एका तुकड्याचा येतो.

फळ्यावरील मजकूर आखूड असावा. ‘कृषी विभागामार्फत सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की’ येथपर्यंत लिहितालिहिताच निम्मा फळा भरून जातो आणि मुद्द्याची गोष्ट खाली बारीक अक्षरांत कोंबावी लागते. त्याऐवजी वार, वेळ, जागा आणि काय मिळणार एवढेच लिहावे. शाळेत थोडेच दिवस गेलेल्या कर्णबधिर माणसास लांब वाक्ये जड जातात, कारण ज्या भाषेत ती लिहिलेली असतात ती त्याने कधी ऐकलेली नसते. बियाण्याच्या पिशवीचे किंवा पंपाचे साधे चित्र शेजारी काढले, तर काम अधिक सुकर होते.

प्रात्यक्षिकाच्या वेळी कर्णबधिर शेतकरी

बीजप्रक्रिया, कलम बांधणे, फवारणीपंपाची तोटी साफ करणे यांसारखी प्रात्यक्षिके दाखविताना कार्यकर्त्याचे हात आणि तोंड एकाच वेळी चालू असतात. ऐकणाऱ्यास त्यात काही अडचण नाही. कर्णबधिर शेतकऱ्यास मात्र डोळे एकतर हातांवर ठेवावे लागतात, नाहीतर तोंडावर. म्हणून आधी थोडक्यात सांगावे, मग बोलणे थांबवून कृती करून दाखवावी, आणि पुन्हा त्याच्याकडे तोंड करून पुढचे सांगावे. पाठ फिरवून, पिकात वाकून किंवा तोंडावर उपरणे धरून बोलू नये. सूर्य बोलणाऱ्याच्या पाठीशी नसावा, कारण तसे झाल्यास चेहरा अंधारात जातो. ओरडून बोलण्याने लाभ होत नाही. ओठ वेडेवाकडे होतात आणि होती ती ओळखही जाते.

ओठांवरून शब्द ओळखण्याच्या कलेवर फार विसंबणेही योग्य नव्हे. मराठीतील प, ब, भ, म हे सर्व वर्ण ओठ मिटूनच उच्चारले जातात. त्यामुळे ‘भात’, ‘पात’ आणि ‘मात’ हे शब्द डोळ्यांना एकसारखेच दिसतात. क, ग, ह यांचे उच्चार तर घशाजवळ होतात, ते ओठांवर उमटतच नाहीत. सर्वांत धोक्याची जोडी संख्यांची आहे. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत ओठांवर काहीच फरक दिसत नाही, आणि मंद ऐकणाऱ्याच्या कानालाही तो सहसा कळत नाही. पंपात ७ मिलिलिटर औषध घालावयाचे की ६० मिलिलिटर, हा प्रश्न अशा एका शब्दावर सोडता येत नाही. मात्रा नेहमी आकड्यांत लिहून द्यावी, आणि त्याबरोबर मापाचे टोपणही दाखवावे. कर्णबधिर शेतकऱ्यासाठी घातलेली ही शिस्त गावातील इतरांच्याही कामास येते, कारण पंपाजवळ तोंडी सांगितलेल्या मात्रा ऐकू येणारेही विसरतात.

‘समजले का?’ असे विचारू नये. या प्रश्नास बहुतेक कर्णबधिर माणसे मानेने होकार देतात, कारण नाही म्हटल्यास चार लोक हसतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. त्याऐवजी वस्तू त्यांच्या हाती द्यावी आणि कृती करून दाखवावयास सांगावे. हात चुकले की काय समजले नाही हे लगेच कळते.

शाळेत गेलेले कर्णबधिर तरुण बहुधा भारतीय सांकेतिक भाषा जाणतात. ही भाषा म्हणजे मराठी शब्दांचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे; तिची वाक्यरचना व व्याकरण स्वतंत्र आहे. २०१५ साली दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा चित्रफीत-कोश प्रसिद्ध केला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांपर्यंत वाढविला. शेतीच्या शब्दांचाही त्यात समावेश आहे. ग्रामकार्यकर्त्याने या कोशातील पेरणी, पाणी, खत, विष, पाऊस, आज, उद्या अशा वीसपंचवीस खुणा शिकून घेतल्या, तर तालुक्यातील तरुणांशी त्याचा संबंध जुळण्यास उशीर लागणार नाही.

जो माणूस शाळेत गेलाच नाही, त्यास मात्र ही भाषाही ठाऊक नसते. त्याच्या घरात त्याच्यापुरत्या खुणा तयार झालेल्या असतात. त्या खुणा घरच्या माणसांकडून शिकाव्या. परंतु सगळे बोलणे भावाशी करून ‘तू त्याला सांग’ असे म्हणून निघून जाऊ नये. असे वर्षानुवर्षे घडत गेले म्हणजे कोणते पीक घ्यावे, कर्ज काढावे की नाही, हे सर्व भाऊच ठरवू लागतो आणि ज्याची जमीन आहे तो केवळ मजूर होऊन बसतो. गावात अशा माणसास ‘मुका’ म्हणूनच हाक मारण्याची चाल आहे. सातबाऱ्यावर त्याचे नाव असते. कार्यकर्त्याने तेच घ्यावे.

धोक्याच्या सूचनेचा विचार येथेच करावयास हवा. वीज कडाडण्याचा आवाज ऐकून इतर लोक शेतातून घराकडे निघतात; कर्णबधिर माणूस खाली वाकून निंदणी करीत असेल, तर त्यास आकाशातील चमकही दिसत नाही. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाईल उपयोजनावर आसपासच्या विजेची सूचना मिळते. तो मोबाईल थरथरणाऱ्या स्थितीत ठेवून खिशात बाळगावा, पिशवीत झाडाला टांगून ठेवू नये. त्याहूनही भरवशाचा उपाय म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याशी केलेला ठराव : ढग आले की त्याने बांधावर येऊन लाल फडके हालवावे किंवा प्रत्यक्ष खांद्यास हात लावून कळवावे. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्या चालकासही शेतात कर्णबधिर माणूस आहे हे आधी सांगून ठेवलेले असावे. भोंगा वाजविला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे त्यास वाटू देऊ नये.

दृष्टिहीन शेतकऱ्यास हातांनी दाखविणे

दृष्टी गेली म्हणजे शेतीही गेली, असा समज रूढ आहे. तो खरा नाही. मुंबई येथे १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने १९६० साली हल्लीच्या गुजरातेतील फणसा येथे अंधांसाठी शेती व ग्रामोद्योगांचे प्रशिक्षण केंद्र काढले. शेती, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन ही कामे दृष्टिहीन माणूस शिकून करू शकतो, हे त्या काळीच ओळखले गेले होते. गोठ्यातील गाईची कास दगडासारखी कठीण व गरम लागली की तिला दाह झाला आहे, हे ओळखण्यास डोळे लागत नाहीत. विहिरीवरील पंप कोरडा फिरू लागला, तर दृष्टिहीन माणसास ते बहुधा सर्वांआधी कळते.

म्हणून शिवारफेरीच्या वेळी दृष्टिहीन शेतकऱ्यास झाडाखाली बसवून ‘आम्ही पाहून येतो’ असे म्हणू नये. त्याचा हात पिकापर्यंत न्यावा. हात ओढावयाचा नाही. त्यास आपले कोपर धरू द्यावे व अर्धे पाऊल पुढे चालावे. मावा पडलेल्या पानावरील चिकटा बोटांस लागतो. मक्याच्या पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी शिरली, की तेथे भुशासारखी ओलसर विष्ठा साठते. ती बोटांनी चाचपता येते. (ही अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये आढळली, त्यामुळे जुन्या अनुभवी शेतकऱ्यांच्याही हातांना ती नवीनच आहे.) कपाशीत शेंदरी बोंडअळीमुळे झालेली डोमकळी पाकळ्या पिळलेल्या व न उमललेल्या अशी हातास लागते, शेजारचे निरोगी फूल लगेच हातात दिले, म्हणजे फरक पक्का ध्यानात राहतो. नेहमी निरोगी आणि रोगट असे दोन नमुने एकामागून एक द्यावे. पानावरील ठिपक्यांचा किंवा पिवळेपणाचा रंग मात्र हातांना कळत नाही. ते काम डोळस माणसाकडेच राहणार, आणि तसे स्पष्ट सांगावे.

बोलताना ‘हे असे’, ‘तेथे तिकडे’ हे शब्द टाळावे. ‘एवढ्या अंतरावर’ असे म्हणून हाताने अंतर दाखविण्याऐवजी ‘एक वीत’ किंवा ‘दोन पावले’ असे म्हणावे. टोकणीसाठी सुतळीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती दोन खुंट्यांना ताणून बांधली, की प्रत्येक गाठीशी बी टाकता येते. खताच्या मात्रेसाठी किलोच्या हिशेबापेक्षा एखादे ठरलेले भांडे तोलून, त्याच्या काठावर खाच पाडून द्यावी.

औषधांच्या बाटल्या

या विषयात सर्वांत जपण्याची जागा ही आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक औषधाच्या वेष्टणावर पतंगाच्या आकाराचा चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल म्हणजे अति विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. निरक्षर शेतकऱ्यासाठी ही योजना चांगली आहे. दृष्टिहीनास, आणि ज्यास रंगांतील भेद कळत नाही अशा माणसास, ती काहीच सांगत नाही. आतील माहितीपत्रकाचा मजकूर इतका बारीक असतो की चांगल्या डोळ्यांच्या माणसासही तो उजेडात धरून वाचावा लागतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाची ओळख, मिश्रण व मात्रा हा किती जोखमीचा विषय आहे, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. जेथे घरातील एखाद्यास दिसत नाही, तेथे पुढील व्यवस्था हंगामाच्या आरंभीच करावी. औषधे कुलूपबंद पेटीत ठेवावी. बुरशीनाशकाच्या बाटलीस रबराचे एक कडे, कीटकनाशकास दोन आणि तणनाशकास तीन कडी चढवावी. खुणेचा हा क्रम घरातील सर्वांनी पाठ करावा व तो कधीही बदलू नये. तणनाशकाचा पंप स्वतंत्र असावा आणि त्याच्या मुठीस तार गुंडाळावी. औषध पाण्याच्या, सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत ओतून ठेवण्याची खोड सर्वत्रच घातक आहे, परंतु दृष्टिहीन माणसाच्या घरात ती सरळ प्राणावर बेतू शकते. मूळ औषध मोजणे व मिसळणे हे काम दृष्टिहीन शेतकऱ्याने एकट्याने करू नये, हा सल्ला त्याचा कमीपणा मानून दिलेला नाही. अंगावर उडालेला थेंब वेळीच दिसणे तेथे आवश्यक असते.

ब्रेल, मोठी अक्षरे आणि मोबाईल

फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी १८२९ साली सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी तिची ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती १९५१ साली स्वीकारली गेली, आणि मराठीही तिच्यात लिहिली जाते. अंधशाळेत शिकलेल्या तरुणास डब्यांवर व बियाण्याच्या पिशव्यांवर ब्रेल चिठ्ठ्या लावणे फार सोयीचे पडते. परंतु ज्याची दृष्टी पन्नाशीनंतर गेली, ज्याची बोटे नांगराच्या मुठीने राठ झाली, असा शेतकरी ब्रेल शिकण्याची शक्यता थोडी. त्याच्यासाठी कानाचीच वाट मोकळी ठेवावी.

ज्यांस अंधुक दिसते त्यांच्यासाठी छापील पत्रक मोठ्या व ठळक अक्षरांत, चकाकी नसलेल्या पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या कागदावर काळ्या शाईने काढावे. हिरव्यागार पिकाच्या छायाचित्रावर पांढरी अक्षरे छापण्याची हौस अलीकडे वाढली आहे. असे पत्रक भिंतीवर शोभते. वाचण्यास त्याचा उपयोग नाही.

आता बहुतेक घरांत मोबाईल आला आहे. त्यातील ‘टॉकबॅक’ नावाची सोय चालू केली असता पडद्यावरील मराठी मजकूर तो वाचून दाखवितो. परंतु येथे कार्यालयांची एक चूक आड येते. पीकसल्ला टाइप करून पाठविण्याऐवजी छापील कागदाचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲपवर पाठविले जाते. टॉकबॅकच्या लेखी ते केवळ एक चित्र असते, त्यातील अक्षरे त्यास सहसा वाचता येत नाहीत. तीच गत जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत तयार केलेल्या फायलींची. वाचन सुरू केले की निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. म्हणून सल्ला युनिकोड मराठीत टाइप करावा, आणि त्याबरोबर दोन मिनिटांचा बोलका निरोप जोडावा. टाइप केलेला मजकूर कर्णबधिरास व बोलका निरोप दृष्टिहीनास, असे एकाच पाठवणीत दोघांचेही काम होते. चित्रफीत पाठविल्यास तिच्याखाली मराठी अक्षरांत बोलणे लिहिलेले असावे. हवामानावर आधारित कृषिसल्ला मंगळवारी व शुक्रवारी असा आठवड्यातून दोनदा निघतो. या रीतीने तो वेळेवर पुढे धाडण्यास फार श्रम पडत नाहीत.

रेडिओची थोरवी दृष्टिहीनास सांगावयास नको. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने सुमारे दीडशे खेड्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्यात लोक कार्यक्रम एकत्र ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. अशा मंडळात दृष्टिहीन शेतकरी इतरांच्या बरोबरीने बसू शकतो. प्रश्न विचारण्यासाठी किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत बोलता येते व दूरध्वनीचा आकार पडत नाही. कर्णबधिरास मात्र हा मार्ग बंद आहे. त्याचा प्रश्न लिहून घेऊन त्याच्यासमक्ष दूरध्वनी करणे आणि मिळालेले उत्तर कागदावर उतरवून त्याच्या हाती देणे, हे ग्रामकार्यकर्त्यास करता येण्यासारखे आहे.

कागदपत्रे, मुदती आणि हक्क

माहिती न पोहोचल्याने होणारे मोठे नुकसान पुष्कळदा पिकात न होता कागदावर होते. दृष्टिहीन खातेदाराचा अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी संपूर्ण कागद त्यास वाचून दाखवावा, आणि तो वाचणारा माणूस त्या व्यवहारात हितसंबंध नसलेला असावा. कर्जाची रक्कम, व्याज, परतफेडीची तारीख व गहाण जमिनीचा गट क्रमांक या चार गोष्टी त्याच्या तोंडून परत वदवून घ्याव्या. मृद आरोग्य पत्रिकेवर बारा घटकांचे आकडे असतात. ते सगळे ओळीने वाचून दाखविण्यात अर्थ नाही. पिकास खताची किती गोणी लागेल ते आधी सांगावे, बाकीचे विचारल्यास सांगावे.

मुदतींच्या बाबतीत कर्णबधिर शेतकरी विशेष मागे पडतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट, पुराचे पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट घालण्यात आली. ज्या हंगामांत ही अट लागू होती, त्या हंगामांत दूरध्वनी करू न शकणाऱ्याचे तीन दिवस कोणास तरी गाठून समजावून सांगण्यातच जात. विम्याचे नियम हंगामागणिक बदलत आले आहेत. यास्तव प्रत्येक हंगामाच्या आरंभी चालू नियम, मुदत आणि सूचना देण्याचे ठिकाण अशा शेतकऱ्यास लेखी द्यावे, आणि आपत्ती घडताच पहिल्या दिवशी त्याच्या शेतावर जावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात ते एकवीस झाले. त्यातील ३७ वे कलम शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शेतजमीन व घरे यांच्या वाटपाच्या संबंधित योजनांत निदान ४० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के राखीव जागा आणि त्यांत स्त्रियांना अग्रक्रम, अशी तरतूद त्यात आहे. यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या वृद्धास मात्र प्रमाणपत्रापूर्वी नेत्रशिबिरात न्यावे. शस्त्रक्रियेने त्याची दृष्टी बहुधा परत येते.

गावात असे शेतकरी कोण आहेत, याची यादी ग्रामकार्यकर्त्याने खरिपापूर्वी करावी. नावापुढे गट क्रमांक, पीक, आणि त्यास माहिती कोणत्या रीतीने द्यावयाची ते लिहावे : लिहून, बोलून, खुणेने, वस्तू हाती देऊन, की मोबाईलवर. ती रीत त्या माणसासच विचारून ठरवावी. बदली झाल्यास ही यादी नवीन कार्यकर्त्याच्या स्वाधीन करावी, आणि शक्य असल्यास एकदा त्याच्याबरोबर प्रत्येकाच्या शेतावर जाऊन यावे.